लुपे आहे, बाई

साबणाच्या वडीएवढी काळी डबी, आणि तिच्या कडेला मोहरीएवढा हिरवा दिवा – तो लागला की आता ती बोलणार हे सोलोमोनाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही दर खेपेला तो डोळे मिटून घ्यायचा, शाळेत छडीसाठी हात पुढे करताना मिटायचा तसे. हेस्टरबाईंनी डबी ओल्या शेवाळावर ठेवली, गुडघ्यांवर हात रोवून कण्हत उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. जसा काही हा बोलायलाच टपलाय! अकरा वर्षांत बोलला नाही तो आज काय बोलणार.

हूं... हूं... आणि मग जरा वर चढत – हूंऽऽ.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हुंकाराच्या मध्ये एक श्वास होता. ऐकणाऱ्याला तो वारा वाटायचा. पण लहानपणी नीरफणसाच्या झाडावरून पडून सोलोमोनाचं नाक मोडलं होतं, तेव्हापासून त्याचा श्वास डाव्या नाकपुडीतून बारीक शीळ घालत आत जायचा, आणि ती शीळ तिथे होती, डबीत, दर वेळी, त्याच जागी. मानुमेआ पाखराचा आवाज म्हणून लोक जो कान देऊन ऐकतात तो हा. हा पक्ष्याचा नाही हो. हा माझा आहे.

हूं... हूं... हूंऽऽ. समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी आला आणि विरला. माओताच्या झाडांतून पाणी ठिबकत होतं.

"काही नाही?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही, बाई."

"परत लावू?"

"लावा की."

बाईंचं वय चौऱ्याहत्तर. न्यूझीलंडमधली शाळेची नोकरी सोडल्यापासून त्यांनी हा सगळा महासागर पालथा घातला होता – जे पाखरू एखाद-दुसऱ्या बेटावर असतं आणि जगात दुसरीकडे कुठेच नसतं, तेवढ्याचसाठी. फिजी झालं, ताहिती झालं, मार्केससच्या कड्यांवर त्या दोर धरून चढल्या. त्यांच्या वहीत प्रत्येक पाखरापुढे एक बरोबरची खूण, आणि खूण डोळ्यांनी पाहिल्यावरच. नुसतं ऐकलं तर खूण नाही. एकच ओळ रिकामी राहिली होती, सावाई बेटावरच्या या मानुमेआची – आकड्यासारखी वळलेली लाल चोच, पाठ पिकल्या चिंचेच्या रंगाची, आणि स्वभाव असा की पानाआड बसला तर तासभर पानच होऊन राहील. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच त्याचा आवाज टिपला होता. आवाज कसला... पण टिपला होता. आता गुडघ्यांनी जवाब दिला होता, ही शेवटची फेरी, उद्या सकाळच्या बोटीने त्या जाणार, आणि तरी ती ओळ त्यांनी रिकामीच ठेवली होती. एवढी सरळ बाई! कधी कधी त्याला त्यांचा रागच यायचा. करून टाका ना खूण, कोण बघायला येतंय?

आवाज टिपला त्या दिवशी त्या पलीकडच्या उतारावर यंत्र लावून बसल्या होत्या आणि तो अलीकडे, या इथे, याच माओताखाली, मांडीवर बंदूक घेऊन. कबुतरांच्या शिकारीला बंदी होती, ती काय त्याला माहीत नव्हती? पण रविवारच्या जेवणाला पाद्री येणार होते, आणि पाद्रीबाबांच्या पानात डब्यातलं मांस वाढायचं म्हणजे चुलत्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, म्हणून दोन लुपे – लुपे म्हणजे आपलं साधं रानकबूतर, ढिगाने असतं – दोनच पाहिजे होते. सकाळभर एक आला नाही. बापाला जाऊन चार महिने झाले होते. रिकामं बसून बसून त्याने हाताची ओंजळ तोंडाशी नेली आणि बापाने शिकवला होता तसा मानुमेआ काढला. कशासाठी? पक्षी यावा म्हणून नव्हे. बाप निदान कानाला तरी भेटावा म्हणून... आणि भेटला, इतका नीट भेटला की डोळ्यांत पाणी आलं, म्हणून परत काढला. आणि परत.

दुसऱ्या दिवशी गावाच्या बैठकीच्या घरात बाई रडत रडत यंत्र वाजवत होत्या आणि पन्नास माणसं श्वास रोखून ऐकत होती. सोलोमोनाला आधी बापच आठवला. मग ती शीळ ऐकू आली, नि शेजारी बसलेल्या सिनिवाने त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की आठ दिवस काळंनिळं होतं. नवऱ्याचा श्वास बायकोला नाही ओळखू येणार तर कुणाला? त्यावर नवराबायको कधी एक अक्षर बोलले नाहीत. चिमटा काढला तेवढाच.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक डुक्कर दंड पडला असता, महिनाभर गावाने टर उडवली असती – 'ए मानुमेआ, अंडं घातलंस का रे?' – आणि संपलं असतं. पण चुलते उठले. घराण्याचे मताई, म्हणजे प्रमुख ते, बैठकीत त्यांच्या शब्दाला वजन. दोन्ही हात वर करून म्हणाले, आमच्या रानात मानुमेआ आहे, देवाने तो आमच्याकडे सोपवलाय. त्या शब्दावर गावाने शपथ घेतली: ओढ्याच्या वर बंदूक नाही, कुऱ्हाड नाही, अळूचे मळे नाहीत. लाकूड कंपनीचा माणूस आल्या पावली परत गेला. राखणदार म्हणून सोलोमोनालाच नेमलं. रान राहिलं. हेही खरंच ना? खोट्या हुंकारावर खरं रान उभं राहिलं, आणि ते इतकं दाट झालं की आता त्याचं त्यालाच त्यातून बाहेर पडायला वाट दिसत नव्हती.

कारण कबूल करायचं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. चूक माझी, पण गुडघे काकांचे. त्र्याऐंशी वर्षांचे चुलते पहाटे बैठकीच्या घरासमोर जाऊन खडीवर बसणार, डोक्यावरून घराण्यातली सगळ्यात बारीक विणीची चटई पांघरून, मान खाली, आणि गाव बाहेर येऊन ती चटई उचलेपर्यंत तसेच, ऊन डोक्यावर आलं तरी. घराण्यातल्या कुणीही काही केलं तरी चटईखाली बसतो तो मताई. कधी कधी स्वप्नात त्याला ती चटई दिसायची आणि ती कुणी उचलायचंच नाही.

पहिली वेळ चूक होती, असं तो देवाला सांगू शकत होता. दुसरी वेळ? तीन वर्षांपूर्वी पाहुणे यायचे कमी झाले, झाडांना बांधलेली ऐकणारी यंत्रं – आपिया शहरातल्या हुशार पोरांनी बांधली होती, त्या एका आवाजाशी जुळेल तेच टिपून घ्यायची – रिकामी निघाली, आणि बैठकीत कुणीतरी म्हणालं, पाखरू मेलं असेल तर ओढ्यावरची माती अळूला चांगली आहे. चुलते घरी येऊन म्हणाले, "बोलला तर बरं होईल रे." त्यांच्या मनात काही नव्हतं, म्हातारं माणूस आपलं बोलून गेलं. पण सोलोमोना उठला, वर आला, यंत्रासमोर उभा राहिला आणि ओंजळ तोंडाशी नेली. त्याला काय नाव द्यायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथे तोंडही त्याचं, बुक्क्याही त्याच्याच.

"काय विचार करतोस, सोलो?" बाईंनी थर्मासमधला कोको त्याच्या हातात दिला.

"काही नाही. तुमचे गुडघे उतरताना त्रास देणार."

"गुडघ्यांना म्हटलंय मी, आज गप्प बसा. उद्या बोटीत काय ते कुरकुरा." त्या हसल्या. मग हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "नाही दिसला तरी चालेल हं मला. एकदा ऐकलाय ना मी. तेवढं कुणाला मिळतं?"

कोको गरम होता. त्याने तो मुद्दाम एका घोटात घेतला आणि जीभ भाजून घेतली.

आणि तेव्हा ते आलं.

खालून, घळीच्या बाजूने नव्हे – डोक्यावरून, डाव्या हाताच्या माओतातून. हुंकार दोनच. पहिला लांब, घराच्या मागे बांधलेली गाय वासरासाठी हंबरते तसा, आणि दुसरा त्याहून खाली, खाली जात जात संपणारा. तिसरा नाही. वर चढणं नाही. मध्ये श्वास नाही. हाच खरा मानुमेआ. बाप! बापाने तिसरा आपल्या पदरचा घातला होता! बापाला कुठलीही गोष्ट आहे तेवढीच सांगता यायची नाही, मासा वीत भरला तर तो हातभर व्हायचा, दोन हुंकारांचे तीन झाले असतील, शेवटी वर चढवला असेल – ऐकणाऱ्या पोराला मजा यावी म्हणून – आणि पोराने ते डबीत घालून ठेवलं, आणि झाडाझाडावरची यंत्रं त्या तिसऱ्या हुंकारासाठी कान लावून बसली, आणि हा इथे आपला दोनच म्हणत होता, इतकी वर्षं, कुणी टिपून घेतलं नाही...

बाईंनी मान तिरकी केली. त्यांचं टिपणारं यंत्र चालूच होतं, लाल ठिपका दिसत होता.

"लुपे ना हा?"

"लुपे आहे, बाई."

शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा त्याने तो ठरवून म्हटलाच नव्हता. सवयीने म्हटला. अकरा वर्षांची राखणदाराची सवय – आवाज डबीशी जुळला नाही की लुपे. बाईंनी मान हलवली आणि त्या वाकून डबीचा आवाज वाढवू लागल्या. वर पान हललं. हललं आणि बाजूला झालं, आणि फांदीवर चिंचेच्या रंगाची पाठ, आणि वळून खाली बघणारी, आकड्यासारखी, लाल... माओताचं फळ चोचीत धरलेलं. नुसता हात वर करायचा होता. काही बोलायचंही नव्हतं, हात वर करायचा, बाईंच्या खांद्याला स्पर्श करायचा, त्यांनी दुर्बीण उचलली असती आणि इतकी वर्षं रिकामी राहिलेली ती ओळ भरली असती. पण दाखवला तर दिसेल, दिसला तर बोलताना दिसेल, आणि बोलताना दिसला तर अकरा वर्षं वाजतोय तो कोण?

हात त्याच्या मांडीवर होता. त्याने हाताकडे पाहिलं. चांगला धडधाकट हात, कुदळ धरणारा, वल्हं मारणारा. तो उठला नाही.

पक्ष्याने फळ गिळलं, पुन्हा दोनदा हंबरल्यासारखं केलं आणि पंख वाजवत घळीत उतरला; लुपेसाठी बाईंनी मान वर केली नाही. मग डबी बोलली. हूं... हूं... हूंऽऽ. आता पहिल्यांदाच तो आवाज त्याला किळसवाणा वाटला, दारुडा गल्लीत राणीची नक्कल करतो तसा.

उतरताना बाईंनी त्याचा खांदा धरला होता. ओढ्याच्या दगडांवर त्यांचा सगळा भार त्याच्यावर यायचा आणि त्या म्हणायच्या, "तू होतास म्हणून, सोलो." तो म्हणायचा, "इथे जपून." आजवर जो नव्हता त्याला तो आहे म्हणत आला होता. आज जो होता त्याला नाही म्हणाला. पहिलं पाप निदान बापाच्या प्रेमापोटी झालं होतं. हे कुणाच्या?

घरी चुलते ओसरीवर पंख्याने माश्या वारत बसले होते.

"काय रे, बोलला का आमचा पाहुणा?"

"बोलला, काका."

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, म्हातारे अजून आहेत का?"

चुलते खो खो हसले, हसता हसता खोकले, आणि बाईंना खुणेने विचारलं, दिसला? बाईंनी हसून नाही म्हटलं. 'बोलला' हा अकरा वर्षांतला त्याचा पहिला खरा शब्द होता, आणि तो थट्टेत वाहून गेला.

शंख वाजला. सगळं गाव आपापल्या घरात प्रार्थनेला बसलं. रस्त्यावर माणूस नाही, कोंबडं नाही. चुलत्यांनी मांडी घालताना गुडघे एकेक करून हाताने दुमडले – सोलोमोना ते बघत राहिला. बाईंना खाली बसवत नव्हतं, त्यांना खुर्ची दिली होती. पायाशी त्यांची बांधलेली पिशवी होती आणि पिशवीत ते यंत्र. त्यात तो होता. खरा. दोनदा. 'लुपे' असं नाव लावून सकाळी बोटीत बसणार होता आणि मग कुणी त्याला परत ऐकणार नव्हतं, कारण सोलोमोनाने सांगितलंय म्हटल्यावर कोण शंका घेणार?

भजन सुरू झालं. तो नेहमी खालच्या पट्टीत गायचा. आज त्याला चटईची भीती वाटली नाही... वाटली, पण तिच्या पुढे दुसरीच एक येऊन उभी होती: सकाळपर्यंत मी हा आवाज विसरेन. बापाचा तिसरा पुन्हा येऊन त्याला चिकटेल, चाळीस वर्षांची वाट आहे ती गळ्यात, आणि यंत्र गेलं की जगात हा नुसता माझ्या कानांत राहील, आणि माझे कान बापाचे. म्हणून त्याने ओठ मिटले आणि भजनाच्या खाली, छातीत, तो धरला. लांब. मग खाली, खाली जात संपणारा. आता थांब. थांब, चढू नकोस. परत. लांब. मग खाली...

सिनिवाने गाता गाता मान त्याच्याकडे वळवली. बरगडीत तिचं कोपर लागलं.

"हा कुणाचा?" ती कुजबुजली. "हा तुझा नाही."

त्याला गप्प व्हायचं होतं. गळा ऐकेना. दोन कडव्यांच्या मध्ये सगळे श्वास घ्यायला थांबले तेव्हा तो आवाज उघडा पडला, एकटाच, आणि खुर्चीतल्या बाईंची मान तिरकी झाली, रानात व्हायची तशी. त्यांनी इकडे बघू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि पुढचं कडवं सुरू झालं तरी तो थांबला नाही, जरा मोठ्यानेच म्हणत राहिला, आणि त्यांनी बघावं, बघावं, बघावं म्हणून त्याचा जीव कासावीस होत होता.