खोट्या ठोक्यांचा दिवा

मित्रांनो, मी दिवा आहे, पण माझ्या उजेडात कोणी कधी पुस्तक वाचले नाही की सुईत दोरा ओवला नाही. एका कलादालनाच्या छताला टांगलेला मी दुधी काचेचा गोळा. माझ्याखाली कमरेइतक्या खांबावर एक पितळी वाटी आहे. तिच्यात तुम्ही हात ठेवायचा, आणि तुमच्या हृदयाचा ठोका पडेल तसे मी उजळायचे, विझायचे. दालनातल्या चित्रांना हात लावला की लोकांना ओरडा बसे, आणि मी मात्र हात लावल्याशिवाय जागाच होत नसे. याचा मला फार तोरा होता. आता तो तोरा आठवला की लाज वाटते.

एका कलाकार बाईने आणि तिच्या धाकट्या भावाने मला घडवले. काच तिची, तारा त्याच्या. वाटीच्या तळाशी भावाने एक इवलीशी खिडकी बसवली. तिच्यातून बारीक उजेड बोटात शिरतो आणि बोटातले रक्त उसळले की ते तिला दिसते. पहिला हात बाईनेच ठेवला. मी लुकलुकू लागलो तशी ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अरे, हे माझंच आहे. आतलं." मी तेव्हा खरा होतो.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. ते बराच वेळ बर्फाच्या पाण्याचा पेला हातात धरून गप्पा मारत होते, त्यामुळे बोटे गारठलेली. गारठलेल्या बोटात रक्त नीट खेळत नाही. त्यांनी वाटीत हात ठेवला, सगळे वर पाहू लागले, आणि मी ढिम्म. मागून कोणीतरी कुजबुजले, "साहेबांना हृदयच नाही वाटतं!" दालनभर खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले आणि बाईचा चेहरा पांढरा.

पाहुणे गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, हात आलाय पण ठोका सापडत नाही, असं झालं की एक तयार ठोका लावून देऊ. माझाच देतो. कोणाला कळतंय?"

"खोटं आहे रे ते."

"तात्पुरतं गं! चांगली खिडकी मिळाली की काढून टाकू."

मित्रांनो, या जगात तात्पुरत्या गोष्टीइतके टिकाऊ काही नसते. भाऊ रोज सकाळी धावायला जाणारा, त्याचा ठोका संथ आणि दणकट. तो माझ्या पोटात भरला गेला आणि तिथेच राहिला. बहीणभाऊ दुसऱ्या कामाला दुसऱ्या गावी गेले.

त्यानंतर कोणी निराश होऊन परतले नाही. ज्यांची बोटे ऊबदार, मऊ, त्यांना त्यांचा ठोका मिळे. ज्यांची बोटे थंड किंवा कामाने राठ झालेली, त्यांना भावाचा. भांडी घासणाऱ्या बाया, बागकाम करणारे, म्हातारी माणसे कौतुकाने वर बघत आणि म्हणत, "हे माझं?" मी परक्याच्या हृदयाने हो म्हणायचो. वर्तमानपत्रात माझे फोटो छापून आले. शरमेने माणसे मान खाली घालतात, माझी तर आधीच खाली लोंबकळत होती.

मग तो गवंडी आला, बायकोबरोबर. फळीवर चढताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. एकदा तो पडता पडता वाचला होता. ती दवाखान्यात चला म्हणून त्याच्या मागे लागली होती आणि तो म्हणत होता, "कशाला उगाच? हात दाखवून अवलक्षण!" तेव्हा कोणीतरी तिला माझ्याबद्दल सांगितले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे तरी ऐकेल, या आशेने तिने त्याला माझ्यापाशी आणले होते.

त्याची बोटे सिमेंटने जाडजूड झालेली. खिडकीला काही दिसले नाही. क्षणभर मी थांबलो आणि मग भावाचा ठोका सुरू झाला.

"बघ!" गवंडी हरखून म्हणाला. "घोड्यासारखं चाललंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. ज्याच्या भरवशावर ती आली होती, त्यानेच तिला तोंडघशी पाडले होते.

पुढे बाजाराच्या दिवशी तो हटकून येऊ लागला. "आमचा डॉक्टर!" असे पहारेकऱ्याला सांगायचा. येताना दारात टेकून धापा टाकायचा, ओठ काळसर दिसायचे, आणि मी वर तरण्याताठ्या गड्यासारखा ठोके देत राहायचो. विझून जावे असे फार वाटे. पण दिव्याला कुठली आली मर्जी? तारा सांगतील तसे वागायचे.

एके दिवशी तो असाच खूश होऊन बाजूला झाला. बायकोचे हात भरून आले होते, म्हणून तिने बटाट्यांची पिशवी खांबावर टेकवली. ती घसरून वाटीत बसली. आणि मी उजळलो. विझलो. पुन्हा उजळलो.

"बटाट्यांना हृदय आहे!" सहलीला आलेली एक मुलगी ओरडली. सगळे दालन हसले, पहारेकरी हसला, गवंडीसुद्धा हसला. मी फुटून खाली पडलो असतो तर बरे झाले असते.

बायको हसली नाही. तिने पिशवी उचलली, मी विझलो. पुन्हा ठेवली, मी सुरू.

"अहो," ती म्हणाली, "हा तुमचाच ठोका आहे. अगदी तोच."

गवंडी आपल्या बोटांकडे पाहू लागला. "म्हणजे इतके दिवस..."

"इतके दिवस तुम्ही कोणाच्या जिवावर फळीवर चढत होतात, देव जाणे. आता चला."

या वेळी तो मुकाट्याने निघाला.

पहारेकऱ्याने फोन केला आणि मला घडवणारी बाई आली. तिने तो ठोका स्वतःच्या हाताने काढला. माझ्याशेजारी पाटी लावली: "याला सगळ्यांचे ठोके सापडत नाहीत." आता मी बराच वेळ विझलेला असतो. लोक म्हणतात, बिघडलाय. म्हणू देत. मित्रांनो, मला जपा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? एवढेच मागतो की तुम्ही मोठेपणी माणसांसाठी काही बनवाल, तेव्हा त्याला "मला कळत नाही" असे म्हणायलाही शिकवा. आणि घरातले कोणी चक्कर येते म्हणाले, तर त्याला दवाखान्यात न्या, दिव्याखाली नको.

पावसाळा सरल्यावर गवंडी आणि त्याची बायको पुन्हा आली. तो वाळला होता, पण दारात टेकला नाही. त्याचे हृदय मध्येच थबकत होते, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या छातीत एक यंत्र बसवले होते. त्याने पहारेकऱ्याला सदऱ्याआडचा उंचवटा दाखवला. मग, सवयच ती, त्याने वाटीत हात ठेवला.

मी अंधारात होतो. तो थांबला. अजून थांबला. पाटी त्याने वाचलीच नव्हती. त्याचा चेहरा उतरला. "काहीच नाही गं?"

बायकोने त्याचे मनगट ओढून घेतले आणि दोन बोटे दाबून धरली.

"आहे," ती म्हणाली.

"नक्की?"

"गप्प बसा हो. मोजू द्या."