गुरुजींच्या खुर्चीवरची दाढ

“म्हणजे तुम्ही शेजारी उभ्या राहून बघत होतात?” समोर बसलेल्या प्राध्यापक ओनोदेरा सेन्सेईंनी सावकाश इंग्रजीत विचारलं.

त्यांच्या हातात माझं पान होतं. नाशिकला बीडीएसला मी काय काय शिकले, त्याची माहिती. लग्न होऊन जपानात सेंदाईला आले, तेव्हापासून माझ्या लेकीचे, रुचाचे सोडून दुसऱ्या कुणाच्या दातांना माझा हात लागला नव्हता. इथे पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं, तर आधी एखाद्या प्राध्यापकाने ‘मी हिला घेतो’ म्हणायला हवं. सेन्सेई तसं म्हणतील असं काही दिसत नव्हतं.

पानावर प्रत्येक वाक्यात ‘सरांच्या मार्गदर्शनाखाली’ होतं. आपल्याकडे असंच लिहितात. मी स्वतः केलं असं लिहिणं म्हणजे आगाऊपणा. त्यात नवऱ्याची, शैलेंद्रची भर. “ते खेड्यातले दातांचे कॅम्प काढून टाक. वाटेल, सर्कशीत शिकलीस.” मी काढून टाकले होते.

“आमचे विद्यार्थीही बहुतेक बघतातच,” सेन्सेई समजूत घातल्यासारखं म्हणाले आणि त्यांनी पान बाजूला ठेवलं.

दाराच्या फटीतून बाहेरच्या बाकावर शैलेंद्रशेजारी बसलेल्या रुचाचे लोंबणारे पिवळे मोजे दिसत होते. नाक गळतंय म्हणून पाळणाघराने तिला ठेवून घेतलं नव्हतं. तेवढ्यात ती शिंकली. आता सेन्सेई नम्रपणे उठायला सांगणार, आणि मी वाकून नमस्कार करून घरी जाणार.

“नाही,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. “मी दात काढलेत. पुष्कळ. सर बाहेर सरपंचांबरोबर चहा घेत असायचे.”

“कुठे?”

“त्र्यंबकच्या पुढे, झेडपीच्या शाळेत.”

“तिथे डेंटल चेअर होती?”

“गुरुजींची खुर्ची होती. लाकडी. वीज गेली की कुणीतरी बॅटरी धरायचं.”

सेन्सेई उठले. कोपऱ्यातली साधी खुर्ची ओढून खोलीच्या मध्यावर आणली आणि स्वतःच तिच्यावर बसले. “दाखवा. खालची, उजवीकडची दाढ.”

मी आधी वरचं पुस्तकांचं कपाट भिंतीला पक्कं ठोकलंय ना ते पाहिलं. भूकंपाच्या या देशात राहून लागलेली सवय. मग टेबलावरचे हातमोजे चढवले, खुर्चीमागे उभी राहिले आणि डाव्या हाताने त्यांचं डोकं माझ्या कुशीशी धरलं. पांढरे, मऊ केस.

“शैलेंद्र, आत ये रे. मोबाइलचा लाइट धर.”

तो दारातच थबकला. “कुठे?”

“सेन्सेईंच्या तोंडात.”

“अगं, इंटरव्ह्यू चाललाय ना?”

“तोच चाललाय. वर धर. हलवू नकोस.”

मागोमाग रुचा आली. सेन्सेईंच्या गुडघ्यापाशी उभी राहून तिने काळजीने विचारलं, “सेन्सेई, इताई?” दुखतंय का म्हणून. सेन्सेईंनी उघड्या तोंडानेच बोट हलवून नाही म्हटलं, तशी ती खुदकन हसली.

“आजोबा, मान सैल सोडा,” माझ्या तोंडून सरळ मराठीतच निघालं. शब्द नाही, पण माझा हात त्यांना कळला असावा. मान सैल पडली. जबड्याखाली माझा अंगठा आपोआप जिथे जायचा तिथे गेला. मला वाटलं होतं, विसरले असेन.

“असं,” मी म्हणाले.

सेन्सेईंनी तोंड मिटलं, पण ते उठले नाहीत.

“भूकंपाच्या वर्षी आम्ही किनाऱ्याकडच्या एका शाळेत गेलो होतो,” ते छताकडे बघत म्हणाले. “व्यायामशाळेत म्हातारी माणसं जमिनीवर निजलेली. वीज नाही, चेअर नाही. एका आजींचे दात साफ करायचे होते, तर मला त्यांची मान धरता येईना. मान पडायची, आणि त्याच माझी माफी मागायच्या.”

मग त्यांनी बाजूला ठेवलेल्या पानाकडे बोट केलं.

“पान परत लिहा. शाळा, खुर्ची, चहा घेणारे सर, सगळं लिहा. मी घेतो तुम्हाला. परीक्षा मात्र तुम्हालाच द्यावी लागेल.”

शैलेंद्रच्या हातातला उजेड थरथरला. तो हसू दाबत होता. मलाही हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. सेन्सेईंचं डोकं अजून माझ्या हातावरच होतं. त्यांनी आपणहून उचलेपर्यंत मी हात काढला नाही.