हातगुण

सरांचा शेवटचा लिगँड फक्त तिच्याच, त्यांच्या विद्यार्थिनीच्याच, हाताला यश देत होता. लिगँड म्हणजे धातूच्या अणूला कवेत धरून त्याच्याकडून रासायनिक क्रिया घडवून घेणारा रेणू. महागड्या पॅलेडियमचं काम साध्या लोखंडाकडून करून घेईल असा लिगँड रचण्यात सरांनी उभी हयात घालवली, आणि आता ते घरी अंथरुणाला खिळले होते. दुसऱ्या प्रयोगशाळेने कळवलं, आमच्याकडे काहीच होत नाही. सर फोनवर हसले. "तुझा हातगुण, दुसरं काय!"

रसायनात कसला आलाय हातगुण? तिच्या मनात पाल चुकचुकली. एकेक गोष्ट बदलून पाहिली, तसा शेवटी उरला ढवळायचा चुंबक, द्रावणात टाकला की आपोआप गरगरणारा. सरांनीच दिलेला, त्यांच्या पॅलेडियमच्या दिवसांतला, वापरून वापरून करडा पडलेला. तिचा भारी लाडका. दुसऱ्याला ती हात लावू देत नसे.

नवा चुंबक घातला, तर तळाशी नुसता तांबूस गाळ. मग जुना घातला, लोखंड नाही की लिगँड नाही, नुसता तो. ती जेवून येईपर्यंत काम फत्ते! त्याच्या भेगांत मुरलेलं जुनं पॅलेडियमच इतके दिवस राबत होतं. लिगँड आपला फुकटचा मिरवत होता. तिला रडू आलं, रागही आला, कोणाचा ते कळेना.

संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली. दारातच काकूंनी तिचा हात धरला. "आज काहीतरी चांगलंच सांग हं. तेवढ्यावर जीव धरून आहेत ते."

ती मान हलवून आत गेली.

"चाललं?" सरांनी विचारलं.

"चाललं, सर."

"नव्या चुंबकाने?"

आजारी पडले तरी सर ते सरच. तिने खाली पाहिलं आणि होतं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं गं," ते म्हणाले.

"ते तुम्ही कधी शिकवलंच नाहीत."

"हो ना. तेवढं राहिलंच."

बाहेर काकू तिची वाटच पाहत होत्या. "सांगितलंस ना चांगलं?"

"हो काकू," ती चपला घालत म्हणाली, "खूश झाले."