बारा वाजून दहा मिनिटांचे सात घाव

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे, आणि तब्बल एकतीस वर्षे मी माझ्या जागेवर नव्हतो. ही गोष्ट मला कोणालाच सांगता आली नाही. दगडाला तोंड असते तर दोन घरांमधला अबोला केव्हाच मिटला असता.

माझा जन्म खाणीतला. एका पाथरवटाने टाकीने माझे चार कोपरे काढले आणि डोक्यावर फुली कोरली. मग दोन घरांच्या मागच्या अंगणात मला उभे केले. कमरेपर्यंत मातीत आणि बाकीचा उन्हात. एका बाजूला घड्याळे दुरुस्त करणाऱ्यांचे घर, दुसऱ्या बाजूला कपडे शिवणाऱ्या काकूंचे. काकू तेव्हा तरुण होत्या. मला बसवण्याआधी त्या वेळच्या मोजणीवाल्याने खड्ड्याच्या तळाशी मूठभर कोळसे आणि एका फुटलेल्या कपाचा कान टाकला. कोळसे माझ्या बुडाशी गार, कोरडे लागायचे. माझ्यासाठी ते पायाखालचे घर होते.

सुरुवातीची वर्षे मानाची होती. दोन्ही घरची माणसे मला वर्षातून एकदा पांढरा रंग द्यायची. काकू माझ्यावर साबणाची वडी ठेवायच्या. घड्याळजी संध्याकाळी माझ्यावर एक पाय टेकवून त्यांच्याशी गप्पा मारायचे.

मग एके दिवशी भर दुपारी घड्याळजी एकटेच आले. काकू शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या. घड्याळजींना कामाच्या टेबलासाठी खिडकी बाहेर काढायची होती, आणि त्यांची जागा थोडीशी कमी पडत होती. हातात पहार होती. आत दुकानातल्या घड्याळांत बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यांनी माझ्या बुडाशी घाव घातले. बरोबर सात. माझ्याच अंगावर बसले, म्हणून मला आकडा पाठ आहे. सातव्या घावाला मी सुटलो. त्यांनी मला अडीच हात सरकवून काकूंच्या अंगणात पुरले आणि जुना खड्डा पायाने दाबून बुजवला.

कोळसे मात्र तिथेच राहिले. घड्याळजींना त्यांची माहितीच नव्हती.

त्या दिवसापासून माझ्या पायाखाली काहीच नव्हते. नुसती माती. मित्रांनो, दुसऱ्याच्या अंथरुणात चुकून जाग आल्यावर कसे वाटते? तसे मला रोज वाटायचे. माझ्या जुन्या जागी, माझ्याच मापाच्या चौकोनात, पुन्हा गवत उगवले नाही. कोंबड्या दाणे टिपत यायच्या आणि त्या चौकोनाला वळसा घालून जायच्या.

काकूंना संशय आला होता. "इथं माझी बादली मावायची," असे त्या एकदा पुटपुटल्या. पण पुरावा काय? आणि घड्याळजींनी ती खिडकी कधी काढलीच नाही. त्यांनी माझ्याकडे बघणे सोडले. माझा रंग उडाला, अंगावर शेवाळ चढले. वीस वर्षांनी घड्याळजी वारले. त्यांच्या मुलाने पहार मागच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर टांगली. ती पुढे अकरा वर्षे कोणी काढली नाही.

मुलगाही घड्याळजीच झाला. त्याचे लग्न झाले, बाळ झाले. सूनबाई सकाळी बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन यायची आणि माझ्या डोक्यावर बसायची. बाळाची टाच मला लागायची. इतकी मऊ गोष्ट मला त्याआधी कधीच शिवली नव्हती.

बाळ रांगू लागेल, कुठे तरी जाईल, म्हणून मुलाने कुंपणाची भिंत घालायचे ठरवले. माझ्या रेषेत दोरी बांधली, चुन्याची रेघ ओढली. ती रेघ काकूंच्या मागच्या दाराला जवळजवळ खेटून गेली. ते दार बाहेर उघडणारे. भिंत झाली असती तर ते वीतभरही उघडले नसते. काकूंचा नळ त्या दाराबाहेर, आणि पुढच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या.

"अरे, मी काय भिंतीतून पाणी भरू?" काकू म्हणाल्या.

"दगड जिथं आहे तिथंच घालतोय, काकू. दगड काय मी सरकवलाय?"

त्याने खरेच सरकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज सुरू झाला. ठण्. ठण्. सात वेळा. मग शांत. बाळ दचकून उठले आणि रडून लाल झाले. सूनबाई केस सावरत बाहेर आली.

"अहो काकू, आत्ता कुठं डोळा लागला होता त्याचा! काय ठोकताय?"

"मी? बाई गं, मला सुईत दोरा ओवता येत नाही, मी पहार उचलणार? तुझ्या नवऱ्याला सांग, पाया खणायची एवढी घाई नको म्हणावं!"

"ते दुकानात आहेत. भिंग लावून बसलेत."

"मग मी काय खोटं बोलते?"

रोज तेच. बारा दहाला सात घाव. रोज बाळ उठायचे, रोज दोन्ही दारे आपटायची. प्रत्येक घराला वाटायचे, समोरचे मुद्दाम करतात. मी मात्र शहारून जायचो. घाव माझ्यावर पडत नव्हते. ते पडत होते अडीच हात पलीकडे, त्या गवत नसलेल्या चौकोनावर. तिथे कोणीही नव्हते.

दहाव्या दिवशी दोघीही समोरच्याला रंगेहाथ पकडायला आधीच बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मधे मी. लख्ख ऊन. कडेवर बाळ. आणि दोघींच्या डोळ्यांदेखत, रिकाम्या अंगणात, ठण्.

दुसऱ्या घावाला मातीचे कण उडाले. सूनबाईने बाळाचे डोके छातीशी दाबून धरले. काकूंनी तिचे मनगट पकडले. सात होईपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

"चला आत," काकू हळूच म्हणाल्या. "माझ्याकडेच चला."

त्याच आठवड्यात, भिंतीचा वाद मिटवायला बोलावलेल्या मोजणीवाल्या बाई आल्या. जुन्या नकाशाची घडी नेमकी हद्दीवरच झिजून फाटली होती. बाईंनी तो उन्हात धरून पाहिला, मान हलवली आणि म्हणाल्या, "दगड काढा. खाली साक्ष असेल."

"साक्ष?" मुलाने विचारले.

"कोळसे, फुटके कप, असलं काही. कोळसा कुजत नाही. दगड हलवणाऱ्याला खालचं सुचत नाही."

मुलाने खिळ्यांवरून पहार काढली आणि थबकला. अकरा वर्षे टांगलेल्या पहारीच्या टोकाला ओली, ताजी माती होती. त्याने ती अंगठ्याने पुसली. चेहऱ्याचा रंग उतरला. मग त्याने मला उपसून काढले. खाली नुसती माती.

"मग हा दगड इथला नाही," बाई म्हणाल्या. "कुठला, ते आता कसं कळणार?"

भिंत माझ्या रेषेत झाली तर फायदा कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होते. सूनबाईने नवऱ्याकडे पाहिले, बाळाकडे पाहिले, आणि स्वतःच्याच अंगणातल्या त्या उघड्या चौकोनावर पाऊल ठेवले.

"इथं खणा."

"अगं, ती आपली जागा आहे!"

"माहीत आहे. आवाज इथून येतो. मला अडीच हात नकोत हो, मला झोप हवीय. आणि उद्या हा मोठा होऊन विचारेल, काकूंचं दार का बंद केलं, तेव्हा तुम्ही काय सांगाल?"

आत घड्याळांत बारा दहा झाले होते. मुलाने पहिला घाव घातला. त्या दिवशी दुसरा कुठलाच आवाज आला नाही, फक्त त्याचाच. सातव्या घावाला पहारीच्या टोकाशी काळे काहीतरी चमकले. कोळसे. आणि कपाचा पांढरा कान.

मुलगा खाली बसला. "काकू, बाबांनी... चूक आमची आहे."

काकूंनी तो कान उचलून पदराने पुसला. "तुझे बाबा शेवटच्या वर्षी सारखे माझ्या दारात येऊन उभे राहायचे. काही हवंय का विचारलं, की म्हणायचे, वेळ विचारायला आलो. घड्याळजी, आणि मला वेळ विचारतात! मी हसायचे रे. हसून वेळ सांगायचे."

मुलाने मला स्वतःच्या हाताने जुन्या जागी बसवले. कोळसे पुन्हा पायाखाली आले, तसेच गार आणि कोरडे. भिंत झाली, माझ्या खऱ्या रेषेत. मी राहावे म्हणून तिच्यात एक खोबण ठेवली. काकूंचे दार सताड उघडते. बाळ दुपारी दोन दोन तास झोपते, कधी या घरात, कधी त्या.

आता कोणी ठोकत नाही. पण दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्याजवळचे कोवळे गवत दोन पावलांपुरते दबते. माझ्या डोक्यावर कोणीतरी पाय टेकवल्यासारखे वजन येते, पूर्वी गप्पा मारताना यायचे तसे. थोडा वेळ राहते. मग गवत उठते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कोणाची वस्तू जागची हलवली असेल, तर ती हात धड आहेत तोवर परत ठेवा, आणि दारात जाऊन तोंडाने सांगा. वेळ विचारून परत येऊ नका. नंतर पहार फार जड होते.