जुन्या थांब्याचं उत्तर

धाकट्या बहिणीला आपल्याच ऑफिसात आपणच चिकटवलं, ही थोरल्याच्या मते त्याची घोडचूक. आता भोगा! वर्ष सरलं नाही तोवर बाईसाहेब सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाल्या. बसच्या ॲपची टीम कुणाच्या हाती द्यायची हे डेमोनंतर ठरणार होतं, आणि मॅनेजरबाईंचा कल कुणीकडे आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. इथं इतकी वर्षं घासली थोरल्याने, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार ही. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

डेमोच्या आदल्या दिवशी तिचा कोड तपासायला त्याच्याकडेच आला. माणसाने ॲपवर बसथांबा निवडला की सर्व्हरला विचारणा जाते आणि बसच्या वेळा परत येतात. माणसं भराभर थांबे बदलतात, तेव्हा निवडींचा हा प्रवाहच म्हणा. नवी निवड आली की जुनीचा नाद सोडायचा, यासाठी तिथे 'स्विचमॅप' लिहायचं असतं. हिने लिहिलं होतं 'फ्लॅटमॅप'. म्हणजे जुन्या विचारणाही चालूच राहतात, आणि नेट मंद असलं की जुन्या थांब्याचं उत्तर मागाहून येऊन नव्याच्या उरावर बसतं.

थोरल्याच्या ते लगेच लक्षात आलं. एका शब्दाचं काम होतं. पण 'मोठी शहाणी ना, निस्तर तुझं तू' असं मनाशी म्हणत त्याने 'मंजूर' दाबलं आणि चहा प्यायला गेला. चहा गोड लागला, खोटं कशाला बोला.

डेमोत मॅनेजरबाईंनी स्टेशनचा थांबा निवडला आणि लगेच बदलून हॉस्पिटलचा केला. हॉस्पिटलच्या वेळा आल्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुसल्या जाऊन तिथे स्टेशनच्या वेळा बसल्या. वर नाव मात्र हॉस्पिटलचंच. हे तपासलं कुणी, असं बाईंनी विचारलं.

धाकटी उभी राहिली. "चूक माझी आहे. दादाला तपासायची घाईही मीच केली."

संध्याकाळी टीम थोरल्याच्या हाती आली. तो मिशीतल्या मिशीत हसत तिच्या टेबलापाशी गेला आणि एवढं साधं कसं चुकलं गं, असं मोठेपणाने विचारू लागला.

"तू केलेल्या रेल्वेच्या जुन्या ॲपमधून उचललं होतं," ती म्हणाली. "तू लिहिलंयस म्हटल्यावर मी पुन्हा पाहिलंच नाही."

त्याने तिथेच जुना कोड उघडला. तीच ओळ, तोच फ्लॅटमॅप, खाली त्याचंच नाव.

"मग डेमोत बोलली का नाहीस?"

"आज तुझं ठरायचं होतं ना, दादा."

आणि ती पुन्हा कामाला लागली, चूक दुरुस्त करायला. थोरला तिथेच उभा राहिला. टीम त्याची झाली होती, तरी मनातली जळजळ काही थांबेना. त्याला तिचा हेवा वाटत होता, आणि आता तर कालच्याहून जास्त.