टकटकचे नियम

उत्कर्षा मॅडम चौथीला गुणाकार शिकवत होत्या, पण वर्गाचं सगळं लक्ष दप्तरात होतं. पळसदेवजवळच्या त्या शाळेत महिनाभर एकच वेड होतं, टकटक. दोरीला बांधलेले प्लॅस्टिकचे दोन गोळे. मनगट हलवलं की ते एकमेकांवर आपटून वाजायचे. मॅडमनी पंचवीस-तीस जप्त करून कपाटात टाकले होते. पोरं दुसऱ्या दिवशी नवे आणायची. शाळेसमोरच चाँदभाईंचं दुकान होतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत एक दोरी तुटली आणि गोळा वर्गातल्या माऊलीच्या भुवईवर बसला. दोन टाके पडले.

टकटक चाँदभाईंच्या मुलीचा, नौशीनचा होता. तिच्याइतका वेळ कुणालाच वाजवता यायचा नाही. कालपर्यंत पोरं तिच्याभोवती कडं करायची. गुरुवारी तिच्याशेजारी कुणी डबा उघडला नाही.

"हिच्या अब्बांनीच आणल्यात," अविराज म्हणाला.

नौशीन भाकरी तशीच झाकून पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली.

संध्याकाळी मॅडम चिडूनच दुकानात गेल्या. पण एरवी दारात टांगलेले टकटक आज तिथं नव्हते.

"सकाळीच काढलं, मॅडम," चाँदभाई म्हणाले. "माऊलीच्या घरी जाऊन आलो. पोरगी कालपास्नं जेवली न्हाय. पण मी न्हाय इकलं तरी पोरं इंदापुरातनं आणत्याल."

मॅडमचा राग तिथंच विरला. घरी जाताना त्या नौशीनचाच विचार करत होत्या.

शुक्रवारी त्यांनी जप्त केलेला ढीग टेबलावर ओतला. "नियम तुम्ही करा. मी फक्त फळ्यावर लिहिते."



"आधी दोरी तपासायची," नौशीन हळूच म्हणाली. "आन् चार हात लांब ऱ्हायचं."

मग नियमांची झुंबड उडाली. "वर्गात काढला तर आठवडाभर जप्त!" हे अविराजनंच सुचवलं.

सुट्टीत मैदानावर चुन्यानं रेघा आखल्या. नौशीन कडेला उभी होती. भुवईला पट्टी लावलेला माऊली तिच्याकडं आला.

"शिकव की मला. पाच ठोक्यांच्या वर जमंना."

"तुला राग न्हाय आला?"

"आला हुता. आता न्हाय."

"मग मनगट ढिलं सोड," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून दाखवू लागली. माऊली अकरापर्यंत पोचला, तेव्हा दोघंही ओरडली.

संक्रांतीपर्यंत ते वेड ओसरलं. पोरं पतंगांमागं लागली, आणि माऊली नि नौशीन एकाच पतंगाची दोरी आळीपाळीनं धरू लागली.