बोडीखालचं वावर

अंकुशचा फोन आला तेव्हा मी नागपूरला, बेसात, एका बाईच्या ब्लाउजला अस्तर लावत होते.

"ताई, तू ये. बाबा आयकून नाही राहिले."

मी म्हटलं, बाबा कधी ऐकले?

"मजाक नको करू. ओमप्रकाश येऊन बसला आहे. यंदाची रोवणी कोण्या वावरात कराची, तेच समजून नाही राहिलं."

धाकटा भाऊ असा घाबरला की माझ्याकडे येतो. मशीन झाकलं आणि रामटेकची बस धरली. माहेरी जायला आता मला उत्साह लागत नाही, कारण पुरतं.

भानगड जुनी आहे. मालगुजाराची जास्तीची जमीन सरकारने काढून घेतली आणि भूमिहीनांना वाटली, आणीबाणीच्या आगेमागे. सीलिंगची जमीन म्हणतात तिला अजून. चावडीत चिठ्ठ्या काढल्या. बाबांच्या चिठ्ठीत बोडीखालचं वावर निघालं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तिच्या पोटाशी धानाची जमीन म्हणजे नशीबच. भैयाजीकाकांच्या चिठ्ठीत टेकडीचं वावर, निव्वळ दगड. दोघंही त्याच मालगुजाराकडे सालदार, एकाच तंबाखूच्या डबीतले. काका गावातले आणि आम्ही बौद्ध मोहल्ल्यातले, एवढाच फरक.

तेवढा पुरला. धानाचं पाणी एका बांधीतून, म्हणजे खाचरातून, दुसऱ्या बांधीत उतरतं. बोडीतून सुटलेलं पाणी आधी आमच्या बांधीत शिरणार आणि तिथून खाली अख्ख्या गावाच्या. हे लक्षात आलं तशी चार जाणती माणसं आमच्या दारात आली आणि बाबांना म्हणाली, "दादाजी, कायद्यानं तुहंच आहे, नाही कोन म्हन्ते? पन लोकायले बरं नाही वाटत गा." भैयाजीकाका मागे उभे होते, म्हणतात, मान खाली घालून. बाबांनी अदलाबदल कबूल केली, तोंडी. कागदावर नावं होती तिथंच राहिली, माणसं तेवढी हलली.

मग बाबा आणि माय उन्हाळे उन्हाळे टेकडीवरचे दगड वेचत राहिले. त्याच दगडांचे धुरे, म्हणजे बांध, घातले, आत माती अडवली, बांध्या पाडल्या. तिथं धान होऊ लागलं तेव्हा लोक बघायला यायचे. बेसात माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांनाही मी हे सांगते. बायका म्हणतात, बाई गं. मला बरं वाटतं.

आता भैयाजीकाका नाहीत. त्यांचा ओमप्रकाश हिंगण्याला कंपनीत आहे, बोडीचं वावर बटईने, वाट्याने, देत आला; यंदा ते रिकामं ठेवलं होतं. नागपूरच्या कुण्या पार्टीला फार्महाउससाठी जागा हवी होती. टेकडीवरून गडावरचं मंदिर दिसतं, ते त्यांच्या मनात भरलं. ओमप्रकाशने मोजणी आणली. मोजणीवाल्यांनी यंत्र लावलं आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट गावाला सांगितली. टेकडीचं वावर ओमप्रकाशचं, बोडीचं बाबांचं. पन्नास वर्षांनी न्याय झाला, तोही मंदिर दिसतं म्हणून.

मी पोचले तेव्हा बाबा खाटेवर बसले होते, ओमप्रकाश प्लास्टिकच्या खुर्चीवर आणि अंकुश दाराला टेकून. टेकडीच्या वावरात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवणीला आली होती. चार दिवस उशीर झाला की पिवळी पडतात.

"काका, मी का तुमाले लुटून राहिलो का?" ओमप्रकाश म्हणत होता. "बोडीचं घ्या ना. ओल आहे, सडक आहे. तुमचंच होतं."

"माहं होतं तं तवा काहून नाही दिलं?"

"तवा मी जन्मलो नव्हतो, काका."

खरंच नव्हता जन्मला.

"तुहा बाप तं जन्मला होता."

"मंग त्यायलेच विचारा."

"विचारतो," बाबा म्हणाले. "आता जाचंच आहे तिकडे."

अंकुशला हसू आलं, ते त्याने दाबलं. एकमेकांची जमीन वाहणाऱ्यांना कागदही त्याप्रमाणे बदलून घेता येतात, दोघांची संमती असली की झालं, हे मी बसमध्ये एकाकडून ऐकून आले होते. तसं बोलून पाहिलं.

"ताई, मी संमती नाही देत," ओमप्रकाश म्हणाला. आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. "हिंगण्याहून इथं येऊन शेती नाही होत माह्याच्यानं. विकू द्या मले."

"अन् मी नाही सोडत," बाबा म्हणाले. "जाय कोर्टात."

"कोर्टात गेलं तं माहं म्हातारपन तिथंच जाईन," अंकुश मला म्हणाला. "सांग ना वं यायले."

मी बाबांच्या शेजारी बसले. "बाबा, बोडीचं वावर चांगलंच आहे."

"चांगलं आहे, मी कुठं वाईट म्हनून राहिलो? पन हा धुरा माह्या हातचा आहे."

मलाही तो धुरा त्यांच्याच हातचा वाटत होता.

माय चहा घेऊन आली. कप ठेवले आणि भिंतीला धरून खाली बसली. तिचे गुडघे आता वाकत नाहीत. ती पाय समोर लांब करून बसते, लहान मुलीसारखी.

"धुरा तुमच्या हातचा," ती म्हणाली. "अन् दगडं कोनं वायले?"

तिने ओमप्रकाशकडे एक कप सरकवला.

"मी वायले. हे पोट्टी पाठीवर अन् टोपलं डोक्यावर. अंकुशच्या आधीचं एक तिथंच पडलं माहं. मले त्या वावराचा काई पुळका नाही."

"कौसल्या, पाहुणा बसला आहे," बाबा म्हणाले.

"बसू द्या. त्यालेही आयकू द्या. चिठ्ठी निंगाली त्या दिवशी सांजच्याले मी एकलीच बोडीच्या वावरात गेली होती. पाय ठेवून पाह्यला चिखलात. लोनी होतं लोनी. घरी येऊन पाह्यतो तं तुमी देऊन बसले. मले विचारलं का तुमी?"

"गाव दारात आलं होतं वं."

"आलं होतं ना. म्हनून मी चूप रायली. आता तेच गाव घ्या म्हन्ते, तं तुमीच अडून बसले. कोनासाठी?"

ओमप्रकाशने उगाच फोन काढून बघितला. त्या दगडांची गोष्ट मी कितीदा सांगितली असेन. मायने ती एकदाही सांगितली नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं.

बाबांनी चहा बशीत ओतला. तो संपवून बशी खाली ठेवली.

"सही कुठं लागते ते सांगजो," ते ओमप्रकाशला म्हणाले. "पऱ्हे उपडून नेतो."

"न्या ना काका. कोन नाही म्हन्ते?"

दुसऱ्या दिवशी पऱ्ह्यांच्या जुड्या बैलबंडीत भरून बोडीखाली उतरवल्या. रोवणीच्या बाया आल्या. त्यांच्यात सगळ्यात पुढे माय चिखलात शिरली.

"कौसल्याबाई, तुमी धुऱ्यावर बसा, आमाले गानं सांगा," त्यांच्यातली गोपिका म्हणाली.

"तूच बस वं. मी लय बसली."

तिने एक ओळ लावली. वाकडी लागली. मग कंबर धरून तशीच उभी राहिली आणि दोघींनी तिला ओढून बाहेर काढलं. तिघीही हसत होत्या. माय जरा जास्त.

बाबा सडकेवर उभे होते, पायात चपला.

"या ना आत," माय ओरडली.

"उद्या येतो."

"उद्या होऊन जाईन रोवणी."

"मंग निंदनाले येतो," म्हणाले आणि खांद्यावर फावडं टाकून टेकडीकडे निघाले. मी मागोमाग गेले. ऊन होतं, त्यांना दम लागत होता, आणि मला त्यांच्याहून जास्त.

"काहून चालले तिकडे? आता काय आहे तिथं?"

"पानी आहे बांधीत. पऱ्हे उपडले, आता कायले ठेवाचं?"

धुऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी फावडं घातलं. दोन घावात थकले. "धर," म्हणाले. उरलेला मी फोडला. पाणी आधी थांबून थांबून, मग सरळ नाल्याकडे निघालं. बाबा धुऱ्यावर बसले आणि मला जागा दिली.

अख्खी बांधी रिकामी व्हायला वेळ लागतो. माझी दुपारची बस गेली असणार. आम्ही बसून राहिलो.